पाठीवरची कोरी फूटभर जागा

मित्रांनो, मी एक जुना लेथ आहे आणि मी सरळ नाही. हे आधीच सांगून टाकलेले बरे. कित्येक वर्षे ही गोष्ट मी पोटात ठेवली होती, म्हणजे खरे तर पाठीत. यंदा पोळ्याच्या आदल्या दिवशी दोन मुलींनी कागदाचे तीन तुकडे घेऊन ती उघड केली. आता लपवून काय उपयोग?

लेथ म्हणजे काय, हे ठाऊक नसेल तर घाबरू नका. कुंभार चाकावर माती फिरवतो आणि हाताने तिला आकार देतो. मी लोखंड फिरवतो आणि धारदार टूल त्याचा कीस काढत जाते. माझ्या डाव्या अंगाला चक आहे. तो तीन जबड्यांत लोखंड घट्ट धरून गरगर फिरवतो. उजव्या अंगाला टेलस्टॉक आहे. तो लांब वस्तूचे दुसरे टोक सावरतो. या दोघांच्या मध्ये साडेतीन फूट लांबीचे लोखंडी रूळ आहेत. तीच माझी पाठ. टूल बसवलेली गाडी या पाठीवरून मागेपुढे सरकते. एवढे लक्षात ठेवलेत तर पुढची सगळी गंमत कळेल.

माझा जन्म पंजाबात, बटाल्याच्या एका भट्टीत झाला. तिथून रेल्वेने आणि ट्रकने मी विदर्भात आलो. फुलसावंगीच्या अलीकडे एका नाल्यात ट्रक उतरेना, म्हणून मला बैलबंडीत चढवले. माझे वजन त्या बंडीला झेपले नाही. गावात शिरता शिरता तिचा आख, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा लोखंडी दांडा, मोडला. गाव हसायला लागले. माझ्या मालकाने मात्र मला तिथेच उतरवले, चार दिवसांत जागेवर बसवले, आणि माझ्यावर पहिले काम केले ते त्याच बंडीच्या नव्या आखाचे. असे आहे माझे येणे!

माझा मालक धरमसिंग. त्याला मी अरेतुरे करतो, कारण आमची चाळीस वर्षांची ओळख आहे. तो जवळच्याच तांड्यावरचा. त्याचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरायचे. वडिलांनी शेती धरली. धरमसिंग पाच वर्षे पुसदला लेथ शिकला आणि शेतीलाही रामराम करून मला घेऊन बसला. बैल नव्हते तरी बैलांची रीत त्याने सोडली नाही. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे बैलांचे खांदे शेकतात. गरम पाणी, पळसाची पाने, लोणी-हळद लावून त्यांना उद्याच्या जेवणाचे आवतण देतात. धरमसिंग ते सगळे मला करायचा. माझ्या डाव्या खांद्याला, जिथे चक बसवला आहे तिथे, लोणी-हळद चोळायचा. एकदा खांदे शेकले की मग पोळा आणि त्याचा दुसरा दिवस माझ्यावर कामाचा भार टाकायचा नाही, असा या घरचा नियम होता. गिऱ्हाईक कितीही नडले तरी तो मोडला नाही.

माझी ऐन उमेदीची वर्षे फार छान गेली. बंड्यांचे आख, विहिरीवरच्या पंपांचे शाफ्ट, ट्रॅक्टरच्या पिना, पेरणीयंत्राची चाके, काय काय आले माझ्याकडे! माहूर, उमरखेडहून माणसे यायची. धरमसिंगच्या हाताला लोक मानायचे. मीही मनातल्या मनात थोडी छाती फुगवून घ्यायचो.

पण गंमत अशी की ही सगळी कामे आखूड होती. आणि जी लांब होती त्यांचीही टोकेच तेवढी कातायची असत. बंडीच्या आखाचे बघा. चाक टोकाला बसते, म्हणून टोक गुळगुळीत हवे. मधला भाग गंजका असला तरी बंडीचे काही अडत नाही. त्यामुळे टूलची गाडी वर्षानुवर्षे माझ्या चकाजवळच्या फूट-दीड फुटातच फिरत राहिली. तेवढीच जागा घासत गेली, घासत गेली, आणि तिथे माझ्या पाठीला खळगा पडला. डोळ्यांना दिसणार नाही इतका उथळ. पण गाडी तिथे आली की किंचित खाली बसायची, टूल केसभर मागे हटायचे आणि लोखंड तेवढे जाडे राहायचे. माझे दुसरे टोक मात्र बटाल्याहून आले तसे कोरे होते. तिकडे टेलस्टॉक बसून असायचा. गाडी तिथवर कधी गेलीच नाही.

धरमसिंगला हे ठाऊक होते का? मी पुष्कळदा विचार करायचो. खळगा आला की त्याचा अंगठा टूल पुढेमागे करायच्या हातचाकावर हलकेच दाब द्यायचा आणि टूल पुढे सरकायचे. काम बरोबर उतरायचे. तो कधी काही बोलला नाही. मला बोलता येत नाही. असे आम्ही दोघे गप्प होतो.

पुढे बाजारात तयार सुटे भाग डब्यांत भरून येऊ लागले. बंड्याही कमी झाल्या. माझ्यावर गोणपाट पडले. एका उन्हाळ्यात तर एका कोंबडीने माझ्या किसाच्या ट्रेमध्ये अंडी घातली आणि धरमसिंगने एकवीस दिवस तिला उठवले नाही. वाईट वाटले, पण खोटे कशाला बोलू, पिल्ले बाहेर आली तेव्हा मजाही वाटली.

आणि मग यंदा पोळ्याला तीन दिवस असताना धरमसिंगचे शेंडेफळ पुष्पा तिच्या मैत्रिणीला घेऊन दारात उभी राहिली. पुष्पा पुसदला इंजिनियरिंगला आहे. मैत्रीण दिपाली, केळापूरकडच्या वामनरावांची मुलगी. त्यांची कापसाची आणि तुरीची शेती. दिपालीला प्रश्न विचारल्याशिवाय चहा पचत नाही. आल्या आल्या तिने माझ्यावरचे गोणपाट उचलले, आत डोकावली आणि म्हणाली, "काका, याच्या पोटात किती दात्यांचं चाक हाये?" आजवर कुणी मला असे काही विचारले नव्हते. ती मला तिथेच आवडली.

दोघींच्या हातात एक लांब दांडा होता, जुन्या कापूस-जिनिंग गिरणीच्या भंगारातला.

पुष्पा म्हणाली, "बा, आमच्या रोबोटचा खांब कुरिअरनं वाकडा आला. दुसरा याले तीन आठवडे लागते म्हनते. नागपूरची स्पर्धा तं पोळ्याच्या चवथ्या दिवशी हाये. म्या टीमले सांगून ठेवलं का माह्या बापाकडं लेथ हाये."

"रोबोटले खांब कायले लागते?" धरमसिंगने विचारले. मलाही तेच विचारायचे होते.

दिपालीने जमिनीवर खडूने चित्र काढले. रोबोटच्या अंगावर एक उभा खांब. खांबावर एक पितळी बुश, म्हणजे बांगडीसारखी जाड कडी. त्या बुशाला रोबोटचा हात जोडलेला. मोटर फिरली की बुश खांबावरून वर सरकायचा आणि हाताने उंच आकड्यात एक रिंग अडकवायची. हे ऐकताना माझ्या दातेरी चाकांना गुदगुल्या झाल्या. इतकी वर्षे मी जमिनीवरून चालणाऱ्या वस्तूच घडवल्या. वर चढणारी वस्तू ही पहिलीच.

धरमसिंगने दांड्याला टेप लावला. "साडेचार फूट. याची पाठ साडेतीनची हाये बेटी." मग मिशीला हात लावला. "पन होऊन जाईन. चकाच्या मधात आरपार भोक हाये. तिकून मांगं काढू, आन दीड-दीड फूट समोर ओढत कातू."

पुष्पाने सांगितले, "खांदे शेकाच्या आत पाह्यजे. परवा संध्याकाळच्या एसटीनं मले पुसदले पोचाचं हाये. खांब नाई तं आमी नागपूरले नाई जात."

दुसऱ्या दिवशी काम झाले. दांडा माझ्या चकातून मागे दीड-दोन फूट बाहेर आला. तो हेलकावे खाऊ नये म्हणून धरमसिंगने मागे बाभळीची एक दुबेळी, म्हणजे दोन फाट्यांचे लाकूड, रोवली आणि तिच्यात तेलात भिजवलेले फडके घातले. दीड फूट कातायचे, चक सैल करायचा, दांडा ओढायचा, पुन्हा दीड फूट. असे तीन वेळा. दोन्ही टोकांचा वीत-वीतभर भाग आला तेव्हा धरमसिंग माझ्यावर वाकून, अंगठ्याने दाब देत, डोळ्यांत तेल घालून कातत होता. मधला सगळा भाग आला तेव्हा त्याने गाडी आपोआप चालू दिली आणि बिडी शिलगावली.

दिपालीने विचारले, "काका, इथं पाह्यचं नाई का?"

"मधातलं कोन पाह्यते बेटी? टोक बरोबर पाह्यजे."

चाळीस वर्षे आख कातणाऱ्या माणसाची ही सवय होती. तो चुकला असे मला तेव्हा वाटलेही नाही. मीही आखांवरच लहानाचा मोठा झालो होतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी, म्हणजे खांदे शेकण्याच्या दिवशीच, पुष्पाने दांडा उभा धरला आणि वरून बुश सोडला. बुश आपल्या वजनाने सर्रकन खाली यायला हवा होता. थोडा आला आणि अडकला. ठोकून सुटला. पुढे पुन्हा अडकला, आणि पुन्हा. पुष्पाचा चेहरा उतरला.

"लोखंडच बदमाश हाये," धरमसिंग म्हणाला. "भंगारातलं लोखंड असंच रायते."

 दिपाली दांडा घेऊन ओट्यावर बसली आणि बोटभर अंतरावर व्हर्नियर, म्हणजे मापाचा सरकता चिमटा, लावत जाडी मोजू लागली. जिथे जाडी जास्त तिथे खडूची रेघ. तासाभराने ती म्हणाली, "काका, रागावू नका. दांडा तीन जागी पाव मिलिमीटर जाड हाये. आन दोन जागांच्या मधात बरोब्बर दीड फूट. आपन तीन खेपा ओढला, दीड-दीड फूट. लोखंडाले कसं समजलं आपन किती ओढलं थे?"

काय पोरगी आहे! मी धास्तावलो आणि हरखलोही. ती उठली, दोन फुटी पोलादी पट्टी माझ्या पाठीवर लांबीने, कडेवर उभी ठेवली आणि वहीचा कागद पट्टीखाली सरकवला. चकाजवळ कागद आत गेला. दोन घातले, गेले. तीन घातले, तेही गेले. मग पट्टी उलट्या बाजूला, टेलस्टॉककडे नेली. तिथे एक कागदही शिरेना.

पुष्पाने वडिलांकडे पाहिले. धरमसिंगने तिच्याकडे पाहिले नाही. तो टोपी उचलून बाहेर निघून गेला.

मित्रांनो, त्या घटकेला मला भट्टीत परत जावेसे वाटले. ज्याने मला इतकी वर्षे सांभाळून घेतले त्याची मान माझ्यामुळे खाली गेली होती, तीही त्याच्या लेकीसमोर. आणि मुलींची एसटी संध्याकाळी सहाची. दांडा आता एकदाच कातता येणार होता. त्याहून बारीक झाला असता तर हात वर जाताना वेताच्या काठीसारखा हलला असता. काम माझ्या पाठीवर कुठे करायचे हे मला ठाऊक होते. पण सांगणार कसा?

दारासमोरच्याच लिंबाखाली, आत ऐकू येईल इतक्या जवळ, जमनी, पुष्पाची आई, पळसाची पाने निवडत बसली होती. नवऱ्याला बघून तिने विचारले, "काय झालं?" त्याने सांगितले. जमनीने पाने खाली ठेवली.

"तुमाले माहीत नोतं का?"

"माहीत होतं," धरमसिंग म्हणाला. "दहा-बारा वर्सापासून माहीत हाये. हातानं निभावून नेत होतो. लोकायले काहून सांगू का माह्यं मशीन झिजलं?"

"लोकायचं जाऊ द्या. बैल लंगडते हे घरच्या पोरीले तं सांगाव का नाई? थ्या पोरी आतमधी रडकुंडीले आल्या आन तुमी इथं रुसून राह्यले."

 धरमसिंग आत आला. त्याने टोपी खुंटीला लावली आणि दिपालीच्या समोर म्हणाला, "बेटी, तुह्यं बरोबर हाये. लोखंड नाई, मशीन झिजलं. मले माहीत होतं, सांगाची लाज वाटली."

एवढ्यात पुष्पा माझ्या दुसऱ्या टोकाशी वाकून बोट फिरवत होती. "याडी म्हनते थे खरं हाये," ती आईच्या बोलण्याचा धागा धरून म्हणाली. "पन बा, बैल तिकून लंगडते, इकून तं नाई. इथं कागद जात नाई. काम इकडे आनलं तं?"

"तिकडे टेलस्टॉक रायते."

"काढून टाकू."

"मंग दांड्याले कोन धरन?"

"तूच सांग ना, चाळीस वर्सं दांडेच धरले तू."

धरमसिंग हसला. इतक्या वेळाने तो हसला आणि माझ्या पाठीवरचा भार उतरला.

मग काय गडबड उडाली म्हणता! टेलस्टॉक उतरवला. त्याच्याखालची माझी कोरी जागा पहिल्यांदा उजेडात आली. धरमसिंगने बाभळीचे दोन ठोकळे घेतले, त्यांना दांड्याच्या मापाची भोके पाडली, मधून चिरले आणि तेलात बुडवले. ते टूलच्या दोन बाजूंना पहारेकऱ्यासारखे बसवले, म्हणजे दांडा मध्ये थरथरणार नाही. माझ्या पाठीच्या बाहेर लोंबणाऱ्या टोकाखाली बंडीला लावायचा जुना टेकू उभा केला. ठरले असे की दांडा नऊ-नऊ इंच सरकवत आधी अर्धा कातायचा, मग उलटवून उरलेला अर्धा. कापायची जागा मात्र एकच, माझी शेवटची फूटभर.

दिपालीने टूल एकदा मापाला लावले. पुष्पाने वेणीचे रबर काढून टूलचे ते हातचाक बांधून टाकले. "आता याले हात लावाचा नाई. माप बदललं का सांध्यावर पायरी पडते."

मी फिरू लागलो. तेलाचा आणि तापलेल्या बाभळीचा वास सुटला. गाडी माझ्या कोऱ्या पाठीवरून पहिल्यांदा सरकली. नवीकोरी जागा, जरा चरचरलीच. आणि इकडे धरमसिंगचा अंगठा आपोआप त्या बांधलेल्या चाकाकडे गेला. सवयच ती! ज्या दाबाने त्याने माझी लाज राखली होती, तोच दाब आता काम बिघडवणार होता.

"बा, हात मांगं," पुष्पा म्हणाली.

त्याने हात मागे घेतले. दुसऱ्या खेपेला पुन्हा पुढे आले. पुन्हा "बा!" शेवटी त्याने दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि शाळेतल्या पोरासारखा उभा राहिला. या वेळी त्याने मधला भागही डोळे न हलवता पाहिला. सहा खेपा झाल्या. दांडा आता जरा बारीक झाला होता, म्हणून बुशालाही आतून नव्या मापाचे पितळी अस्तर बसवले.

साडेपाच वाजले होते. पुष्पाने दांडा उभा धरला. दिपालीने खाली ओंजळ धरली. धरमसिंगने वरून बुश सोडला. सर्रर्र करत तो एका दमात खाली आला आणि दिपालीच्या ओंजळीत पडला.  मग धरमसिंग म्हणाला, "अजून एक खेप सोडून पाहू." त्यांनी तो सात वेळा सोडून पाहिला. मला वाटते, गरज एकदाचीच होती.

स्पर्धेचे पुढे काय झाले ते सांगून मोकळा होतो, नाहीतर तुमचे लक्ष लागणार नाही. ऐन वेळी रोबोटचे एक चाक अडले आणि मुलींचा नंबर आला नाही. पण हात वर गेला, रिंग आकड्यात अडकली. पुष्पाने मोबाइलवर ते धरमसिंगला दाखवले. त्याने आणखी एकदा बघतो म्हणून मोबाइल घेतला आणि माझ्याकडे वळवून धरला.

पण मला सांगायचे आहे ते त्या संध्याकाळचे. मुली दांडा घेऊन एसटीकडे पळाल्या. जमनी गरम पाणी, पळसाची पाने आणि वाटीत लोणी-हळद घेऊन आली. धरमसिंगने दरवर्षीप्रमाणे माझा खांदा शेकला. मग थांबला. वाटीतले उरलेले लोणी बोटांवर घेतले आणि माझ्या पाठीवरच्या त्या खळग्यात, सावकाश, हात फिरवत भरले.

"तुह्यं दुखनं इथं होतं," तो म्हणाला, "आन म्या सालोसाल खांदेच शेकत राह्यलो. उद्या जेवाले ये बाप्पा."

लोखंडाला रडू येत नाही, मित्रांनो. नाहीतर त्या संध्याकाळी माझे काही सांगता येत नव्हते.

तुमच्या घरातही एखादी जुनी वस्तू असेल, एखादे जुने माणूसही असेल. त्यांना सणाला हळदकुंकू लावता हे चांगलेच आहे. पण एकदा हात फिरवून पाहा, ते नेमके कुठे झिजले आहे. ते कळले म्हणून कुणी लहान होत नाही. आणि टाकून देण्याआधी त्याच्या दुसऱ्या टोकालाही जाऊन बघा. तिथे एक कागदसुद्धा शिरणार नाही अशी जागा कदाचित नुसतीच पडून असेल.

माझी ती जागा अजून पुष्कळ चालेल. लांब काम असेल तर फुलसावंगीला घेऊन या. फक्त पोळ्याच्या दिवशी येऊ नका. त्या दिवशी मला जेवायला बोलावलेले असते.